चालवून पाहिले

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी दुपारी आमच्या कार्यालयातली वीज अर्ध्या सेकंदापुरती गेली आणि आली. पंखे थांबलेसुद्धा नाहीत, त्यांचा आवाज थोडा खाली उतरून पुन्हा वर चढला इतकंच. पण सहाही संगणक काळे झाले आणि एकेक करून पहिल्यापासून सुरू व्हायला लागले. आम्ही दादरला एका शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीचं काम करतो. तिथे दिवसभर कुणी फारसं बोलत नाही, त्यामुळे एकदम उठलेला कालवा विचित्र वाटला. शेजारच्या अनिताची सकाळपासूनची आठ पानं गेली होती. 'तुझं किती गेलं गं?' तिनं विचारलं. मी फाइल उघडून पाहिली. 'ओ'च्या नोंदींतला मी टंकलेला शेवटचा शब्द, त्यापुढचा अर्धविरामसुद्धा जागेवर होता. 'काहीच नाही,' मी म्हटलं. ती म्हणाली, 'नशीबवान आहेस.' मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. काम जपून ठेवल्याची मला आठवण नव्हती. त्या हाताची दोन बोटं प्रत्येक ओळीनंतर आपोआप जपून ठेवायच्या कळांवर जात असणार, कित्येक महिने, मला न सांगता. ती माझी सवय नव्हती. ती आप्पांची होती. आप्पा जाऊन सात महिने झाले होते आणि इतके दिवस ती माझ्या हातात राहत होती, हे कळल्यावर मला दुःख झालं नाही. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे सपाट जमीन निघावी तसं काहीतरी झालं. संध्याकाळी आईचा फोन आला. एरवीचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, 'ते टेबल मला पाहिजे गो, शिलाई मशीन ठेवायला. त्याच्यावरचा तो डबा कुठं ठेवू, एवढं येऊन सांग.'

डबा म्हणजे आप्पांचा संगणक. त्यात आप्पांची लाइन होती. दुसरा शब्द घरात कुणी वापरला नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, भातसानगरला धरणाच्या कार्यालयात अनुरेखक होते. इंजिनियर पेन्सिलीनं आराखडे काढायचे आणि आप्पा ते शाईनं मेणकापडावर उतरवायचे. तीस वर्षं दुसऱ्याच्या रेषेवरून रेष. शाई चुकली तर ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची, कापडाला भोक पडू द्यायचं नाही, मग नखानं जागा घासून गुळगुळीत करायची. लहानपणी मी कॉलनीतल्या क्वार्टरमधून त्यांचा जेवणाचा डबा घेऊन जायची तेव्हा ते बहुतेक वेळा नखानं काहीतरी घासताना दिसायचे. त्यांच्या कार्यालयात नियम होता की आराखडा बदलला की नव्या कागदाला नवा क्रमांक द्यायचा, जुन्यावर 'रद्द' असा शिक्का मारायचा, पण जुना टाकायचा नाही. रद्द झालेल्या कागदांची एक वेगळी खोली होती. आप्पांना ती खोली आवडायची. थंड असते, म्हणायचे.

२००३ साली ते निवृत्त झाले, शहापूरला घर बांधलं, आणि त्या वर्षी मी त्यांना आगगाडीच्या खेळाची सीडी आणून दिली. वेळ जाईल म्हणून. खेळात परदेशातल्या चार-पाच लाइनी होत्या, बर्फातल्या वगैरे. आप्पांनी त्यांतली एकही धड चालवली नाही. पंधरवड्यानं मी गेले तेव्हा त्यांनी सीडीतला दुसराच एक भाग शोधून काढला होता, ज्यात आपली लाइन आपल्याला बांधता येते. सुरुवातीला पडद्यावर नुसती हिरवी जमीन असते, टोकापासून टोकापर्यंत सपाट. तिच्यावर रुळांचे तुकडे टाकत जायचं. तुकडे ठरलेल्या मापाचे, सरळ दहा मीटर, पन्नास, शंभर, वळणाचे इतक्या अंशांचे. एकाचं टोक दुसऱ्याला चिकटलं पाहिजे. मग चढउतार, पूल, झाडं, घरं. आप्पांनी आसनगाव स्टेशनातून एक फाटा काढला होता. तो शहापूरच्या बाहेरून वळून किन्हवलीकडे निघाला होता. 'कुठे चाललीय?' मी विचारलं. 'मुरबाडला,' आप्पा म्हणाले. मुरबाडला रेल्वे येणार असं माझ्या जन्माआधीपासून लोक बोलत आलेत, पण कल्याणकडून. शहापुराकडून ती न्यावी असं कुणी म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मुरबाड आईचं माहेर. शहापूरहून एसटीनं किन्हवलीवरून जायचं. आईला गाडी लागायची, त्यामुळे ती खिडकीशी लिंबू धरून बसायची आणि आप्पा पुढच्या सीटवरून मागे न बघता विचारायचे, 'बरं हाय का?' लाइन मुरबाडला का, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

पहिल्या तीन आठवड्यांचं काम एका सेकंदात गेलं. काम जपून ठेवत असतानाच वीज गेली, फाइल अर्धी लिहिली गेली आणि दुसऱ्या दिवशी लाइन उघडली तर पडद्यावर पुन्हा हिरवी जमीन. आई सांगते की त्या दिवशी त्यांनी परसातलं गवत कापलं, मग शेजारच्यांच्या परसातलंही कापलं. संध्याकाळी बाजारातून एक वही आणली. त्या वहीत पट्टीनं रकाने आखले. क्रमांक, तारीख, काय केले, कुठे ठेवले, आणि शेवटचा रकाना, चालवून पाहिले. तेव्हापासून त्यांनी एकदाही जुन्यावर नवं लिहिलं नाही. थोडं काम झालं की अख्ख्या लाइनीची प्रत वेगळ्या नावानं ठेवायची, तिला क्रमांक द्यायचा, आठवड्याच्या प्रती सीडीवर घ्यायच्या. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरातून कापून पडद्याच्या कडेला चिकटवलेलं असे आणि वीज जायच्या वीस मिनिटं आधी ते हात थांबवायचे. आणि क्रमांक कायम करण्याआधी आसनगावहून गाडी सोडून नव्या तुकड्यापर्यंत चालवत न्यायची. मधूनच सुरू करायची नाही, पहिल्यापासून. गाडी त्यावरून गेली की शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण. 'नुसतं ठेवलं म्हणून राहत नसतं,' ते म्हणायचे. 'खराब झालेलं पण ते तितक्याच इमानानं ठेवतं. त्याला काय कळतंय.' लाइन वाढली तसा हा वेळ वाढत गेला. किन्हवलीच्या पुढे गेल्यावर एका शंभर मीटरच्या तुकड्यासाठी अर्धा तास गाडी चालवावी लागायची. मला ते हास्यास्पद वाटायचं. मी तसं बोललेही असेन.

त्यांच्या मागे स्टुलावर शनिवारी धोंडीकाका बसलेले असायचे. धोंडीकाका आणि आप्पा एका शाळेतले. धोंडीकाकांनी खर्डीला रुळांवर गँगमन म्हणून नोकरी केली, निवृत्तही एकाच वर्षी झाले. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नाही, पण दोष काढायचं काम मनापासून केलं.

'म्हादू, या वळणावर तुझी गाडी बाजूच्या शेतात जाईल. भायेरचा रूळ उचल जरा.'

'ह्याच्यात उचलता येत नाय.'

'मग पॅसेंजर पडतील की रे.'

'ह्याच्यात पॅसेंजर नाय.'

'पॅसेंजर नाय, गँगमन नाय, रूळ उचलता येत नाय. आनि वहिनी बोलते तू कामात हायेस.'

आई आतून म्हणायची, 'मी असं कधी बोलले?' पाच वर्षं ती त्या खोलीत चहा द्यायला यायची, कप ठेवायची आणि पडद्याकडे न बघता जायची. तिला तो अपमान वाटायचा की भीती, मी कधी ठरवू शकले नाही.

२००७ च्या दिवाळीत मी दोन दिवस घरी होते. आप्पा बारीक झाले होते. कावीळ आहे, उतरेल, असं मला सांगितलं होतं, आणि मी ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. 'ये, टाक एक तुकडा,' म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा. लाइन काळू नदीच्या अलीकडे पोचली होती, पुलाआधी एक डावं वळण यायचं होतं. मी माऊस धरला. त्यांनी तुकडा कुठला ते सांगितलं, मी टोकावर नेऊन बटण दाबलं. काही झालं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. मग वळण उमटलं. आप्पांनी मान हलवली आणि प्रत ठेवली, एकशे त्रेचाळीस. मग त्यांनी गाडी आसनगावला उभी केली आणि मी म्हटलं, 'आप्पा, आता पस्तीस मिनिटं गाडी चालवणार? मला तीनची लोकल आहे. झालं ना ठेवून? जेवायला चला.' त्यांनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं. आसनगावचा फलाट, त्यावरचं छप्पर, तिकीटघराच्या भिंतीवरचा त्यांनीच काढलेला पिवळा रंग. मग त्यांनी खेळ बंद केला. जेवताना दोनदा भात घेतला. मार्चमध्ये ते गेले. मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्या खोलीत आलेल्या लोकांच्या चपला ठेवल्या होत्या.

टेबल हवंय म्हणून मी शनिवारी संध्याकाळी गेले. आईनं संगणकावर जुनी साडी पांघरली होती. रविवारी सकाळी नऊला वीज आली, दोनला जाणार होती. मी वही घेऊन बसले. शेवटचा क्रमांक एकशे एकाहत्तर, तारीख फेब्रुवारीची. 'मुरबाड. पूर्ण.' असं लिहिलं होतं, आणि अक्षर आप्पांचं असलं तरी त्यातली रेष हलत होती, जे त्यांच्या बाबतीत मी कधी पाहिलं नव्हतं. मी पानं उलटी चाळत गेले. शेवटचा रकाना रिकामा. एकशे सत्तर, रिकामा. एकशे पन्नास, रिकामा. सगळ्या बरोबरच्या खुणा एकशे बेचाळिसापर्यंत होत्या. एकशे त्रेचाळिसापुढे लिहिलं होतं, 'काळूअलीकडील वळण. जया.' आणि तिथून पुढे एकोणतीस ओळी पांढरा रकाना, वरपासून खालपर्यंत, मी त्या दिवशी खूण करू दिली नव्हती तसाच.

मी एकशे एकाहत्तर उघडली आणि आसनगावहून गाडी सोडली. मला चालवता येते ती आप्पांना बघून, म्हणजे फार नाही. लाइन सुंदर होती, हे मी पहिल्यांदाच म्हणतेय. महामार्गाखालून जाणारा बोगदा, मग भारंगी नदीवरचा छोटा पूल, मग शेतं. खेळाबरोबर मिळालेली झाडं परदेशी होती, म्हणून आप्पांनी सागाचे, करवंदीच्या जाळ्यांचे फोटो काढून त्यांची झाडं केली होती. साग कुठे पानांचा, कुठे खराटा, कारण फोटो वेगवेगळ्या महिन्यांतले. एका वळणावर जमिनीचा रंग बदलून तांबूस होतो, मुरूम लागतो, तो खरोखरच तिथे लागतो. किन्हवलीला मी थांबले, कारण आप्पा थांबायचे. पुढे उतार लागला. चौतिसाव्या मिनिटाला समोर काळूचा पूल दिसायला लागला, डावं वळण आलं, इंजिन त्यावर चढलं, आणि पडदा गेला. आवाज नाही, धक्का नाही. खेळ बंद होऊन मागचं निळं पान दिसत होतं, त्यावर घड्याळ. इतका वेळ मी कुठे होते याचा कसलाही पुरावा नव्हता.

मी पुन्हा चालवली, पुन्हा तिथेच गेली. मग सीडी काढून एकशे बेचाळीस लावली. ती टोकापर्यंत नीट गेली आणि नदीच्या अलीकडे रूळ संपले तिथे उभी राहिली. एकशे त्रेचाळीस लावली, ती वळणावर बंद पडली. या सगळ्यात साडेअकरा वाजले. प्रत्येक वेळी तेच साग, तोच मुरूम, तीच किन्हवली, आणि डोक्यात एक सोपा हिशेब. चूक माझ्या वळणात होती. ती तेव्हाच सापडली असती, गाडी चालवली असती तर. मी जेवायला चला म्हटलं. त्यानंतर आप्पांनी जे जे केलं ते सगळं त्या चुकीच्या पलीकडे केलं आणि दर खेपेला ती चूक इमानानं नव्या प्रतीत गेली. चालणारी लाइन हवी असेल तर एकशे बेचाळीसवर परत जायचं, म्हणजे त्यांचे शेवटचे साडेतीन महिने सोडून द्यायचे. मी हे अगदी शांतपणे मांडत होते. शब्दकोशात कुठला अर्थ आधी द्यायचा ते ठरवतात तसं. आई दारात येऊन म्हणाली, 'झालं का? मशीन घेऊन तो दोन वाजता येतोय.' मी म्हटलं, थांब जरा.

बारा वाजता धोंडीकाका आले. आईनं मी आल्याचं कळवलं असणार. हातातल्या पिशवीत काकड्या होत्या. स्टूल ओढून ते त्याच जागी बसले, माझ्या डाव्या खांद्यामागे.

'कुठं आडलीय?'

'काळूच्या अलीकडे. मी टाकलेल्या वळणावर.'

'तू टाकलेला काय तो? मला म्हादू बोललेला. लय कौतुकानं बोलला.' त्यांनी एक काकडी बाजूला काढून ठेवली. 'दोनदा टाकला नाय ना?'

'म्हणजे?'

'तुझ्या बापानं आसनगावच्या यार्डात एकदा टाकलेला. डबा सुस्त असतो. आपन दाबतो, तो काय दाखवत नाय, आपन परत दाबतो. मग एकावर एक दोन पडतात. वरून बघशील तर एकच दिसतो. गाडीला दोन दिसतात. तिला कळत नाय कुठल्यावर जावं. आठ दिवस डोकं खाल्लं होतं त्यानी माझं.'

मी म्हटलं, 'काका, त्यांनी नंतर एकदाही गाडी चालवून पाहिली नाही. त्या दिवशी मी थांबवलं म्हणून.'

'तू थांबवलंस?' धोंडीकाका हसले. 'जयू, तो मुकादमाच्या बापाला थांबला नसता. मी दर शनवारी बोलत होतो, म्हादू, गाडी सोड. तो बोलायचा, सोडली आनि मधेच पडली तर मागं जायला लागेल. मी बोललो, मग जाऊ मागं, आपल्याला काय ड्यूटी हाय का. तर बोलला, मागं जायाला टाइम नाय.' ते थांबले. 'मला वाटला भारनियमनाचं बोलतोय.'

मी आधी अख्ख्या लाइनीची प्रत केली आणि ती उघडते हे पाहिलं. मग एकशे एकाहत्तरमध्ये वळणावर गेले, तो तुकडा निवडला आणि काढला. पडद्यावर काहीच बदललं नाही. एक रूळ गेला होता आणि त्याच्या जागी तसाच, तिथेच, दुसरा होता. मी हात काढून घेतला. धोंडीकाका म्हणाले, 'बघ.' एवढ्यावर थांबता आलं असतं, पण कुठला खरा जोडलेला आहे याची खात्री नव्हती, म्हणून मी तो दुसराही काढला. आता तिथे हिरवी जमीन दिसली, दोन्ही बाजूंना रुळांची टोकं. मग नवा तुकडा घेतला, नेऊन ठेवला, बटण एकदा दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट पाहिली. आप्पा अशा वेळी काय करायचे हे मला आठवेना. सात-आठ सेकंदांनी वळण उमटलं.

आईनं हाका मारल्या म्हणून आम्ही जेवलो. पाऊण वाजून गेल्यावर गाडी सोडली. पन्नास मिनिटं लागणार होती. धोंडीकाका मागे काकडी खात होते. किन्हवलीच्या आधी त्यांना डुलकी लागली. सकाळची भीती आता उरली नव्हती, तिच्या जागी दुसरं काहीतरी आलं होतं, 'मागं जायाला टाइम नाय' हे वाक्य. ते कुठे ठेवावं हे कळत नव्हतं. कावीळ उतरेल असं आप्पा मला दर रविवारी फोनवर म्हणायचे. आवाज तोच. पूल दिसायला लागला. वळण आलं, इंजिन त्यावर चढलं, कललं, सरळ झालं, आणि पुलावरचा पोकळ आवाज सुरू झाला. खाली काळूचं पाणी होतं. मी ब्रेकवरचं बोट उचललं नव्हतं, ते उचललं. इथून पुढचं मी कधीच पाहिलेलं नव्हतं.

पूल संपला आणि झाडं संपली. आधी मला वाटलं संगणक मंद आहे, मागाहून उमटतील. एक किलोमीटर गेला. दोन्ही बाजूंना हिरवी जमीन होती, पहिल्या दिवशी होती तशी, टोकापर्यंत सपाट, आणि मधून रूळ. साग नाही, शेत नाही, मुरूम नाही, एक घर नाही. फक्त दर किलोमीटरला दगड होता, बरोबर अंतरावर, आणि चढउतार होते, कारण ते रुळांचेच असतात. सरळगाव नुसत्या पाटीवर येऊन गेलं. पाटी एका बाजूलाच लिहिलेली. ज्या माणसानं एका सागाच्या पानासाठी तीन रविवार घातले होते, त्यानं पुलाच्या पलीकडे उतरल्यावर दुसरं काहीही हातात घेतलं नव्हतं. मी गाडीचा वेग कमी केला. कमी केल्यानं काही जास्त दिसत नव्हतं. मेणकापडावर आधी मुख्य रेषा उतरवायच्या, छाया आणि बारकावे वेळ उरला तर, हे मला त्यांनीच कधीतरी सांगितलेलं. त्या रिकाम्या हिरव्या पट्ट्याकडे बघताना माझ्या लक्षात आलं की हे किती अंतर आहे ते त्यांनी मोजलं होतं, किती दिवस आहेत तेही मोजलं होतं, आणि त्या दिवशी माझ्याकडे खुर्ची सरकवली तेव्हा दोन्ही आकडे त्यांच्यापाशी होते.

आई केव्हा आत आली मला कळलं नाही. हातात रिकामे कप होते, म्हणजे चहा द्यायला नाही, न्यायला आली होती. ती टेबलाशी उभी राहिली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा पडद्याकडे बघत राहिली.

'दिवाळीच्या आधीच डाक्टरनी सांगितलेलं,' ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. 'आमाला दोघांना बसवून. येताना रिक्षात मला बोलले, जयूला आत्ता नको सांगू, तिची सुट्टी जाईल.'

'आणि नंतर?'

'नंतर मी बोलले, आता सांगा. तर बोलले, काम आटपू दे.' तिनं कप टेबलावर ठेवले. 'मला राग आलेला. घरात एवढं चाललंय आनि ह्यांचा खेळ सुटत नाय.'

मी गाडी हळू केली. समोर एक छोटा फलाट आला, छपराशिवाय, त्यावर पिवळी पाटी, मुरबाड. त्याच्या पुढे पन्नास-साठ मीटर रूळ आणि मग अडसर. मी ब्रेक जरा उशिरा लावला, निम्मे डबे फलाटाच्या पुढे जाऊन थांबले. धोंडीकाका जागे झाले होते. 'पोचली?' त्यांनी विचारलं. ते चष्मा पुसून पुढे वाकले. इंजिन नुसतं घुरघुरत होतं. दोनला सात मिनिटं होती.

'हे मुरबाड?' आई म्हणाली.

'हो.'

'इथं कायच नाय गो.'

'नाही.'

'आनि स्टेशन इथं कशाला घातलं? हा तर नदीकडचा अंग. बाजार लांब पडेल. म्हाताऱ्या मानसानं बोचकं घेऊन एवढं चालायचं काय?' तिच्या आवाजात राग होता, तोच, जो ती त्यांच्याशी बोलताना वापरायची. मी तो मार्चपासून ऐकला नव्हता.

'तुमचं घर कुठे येईल?' मी विचारलं.

'घर आत हाय, बाजार ओलांडून. आधी शाळा.' ती वाकली. पडद्यावरच्या हिरव्या जागेत तिची नजर इकडून तिकडे गेली, जशी एसटीतून उतरल्यावर जायची. दारात कुणीतरी हाक मारली, मशीन घेऊन आलेला माणूस असावा. आईनं वळून पाहिलं नाही. 'त्याला बोला, पुढच्या रविवारी ये,' ती धोंडीकाकांना म्हणाली, आणि पदरानं बोट पुसून ते काचेवर टेकवलं.

'शाळा इथं,' ती म्हणाली.